बिनदाताची चांदणी

कवळीमास्तरांच्या घरात चोरून खाणं कुणाला कधी पचलं नाही. फ्रीजमध्ये अर्धं सफरचंद सापडलं, की मास्तर ते खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "वरचा डावा सुळा वाकडा, पुढच्या दोघांत फट. तुझा भाऊ येऊन गेला का ग?" बायको कपाळावर हात मारून घ्यायची. भाऊ खरोखरच येऊन गेलेला असायचा, आणि जाताना "दाजींना बोलू नकोस" असं बजावूनही गेलेला असायचा.

एकदा मास्तर कवळ्या करायचे त्या दातांच्या दवाखान्यात हात धुवायच्या साबणावर दातांचे ठसे उमटले. डॉक्टरीणबाई घाबरल्या, उंदीर झाले म्हणाल्या. मास्तरांनी वडी उलटसुलट करून पाहिली आणि छाती फुगवून सांगितलं, "उंदीर कसला बाई, हा चावा माझाच आहे!" सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा खुलासा करावा लागला. चावणारा दुसराच कुणीतरी होता, पण कवळी मास्तरांच्या हातची होती. खालच्या पटाशीच्या दाताची कड त्यांच्याच कानशीने जरा जास्त घासली गेली होती. आणि निघालंही तसंच! चष्मा घरी विसरलेल्या एका आजोबांनी वडी चीज समजून चाखली होती. त्यांची तक्रार चवीबद्दल नव्हतीच. नव्या कवळीत साबण फार चिकटतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर असे हे मास्तर. शाळेत कधी शिकवलं नाही, पण कवळी म्हणजे कवळीमास्तर हे गावभर पक्कं झालेलं. दवाखान्याच्या मागे त्यांची खोली. एका टेबलावर मेण वितळवायचा दिवा, दुसऱ्यावर घासायचं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, जसे काही एखाद्या सभेतले लोक फक्त तोंडं ठेवून निघून गेलेत. प्लास्टरच्या भुकटीने मास्तरांच्या भुवया कायम पांढऱ्या. "म्हातारे दिसता," असं बायको म्हणाली की ते भुवया झटकून दहा वर्षांनी तरुण होऊन दाखवायचे.

मास्तरांना आई म्हणून जी आठवायची ती ताईच. थोरली बहीण. तिनेच त्यांना वाढवलं, मारलं, शिकवलं आणि कामाला लावलं. या ताईच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. बसमध्ये चढली की उतरेपर्यंत कंडक्टरच्या घरची सगळी माहिती तिच्याकडे यायची, आणि उतरताना ती त्याला, "सुनेशी जरा नीट वागा," असं सांगून उतरायची. डॉक्टरीणबाई गमतीने म्हणायच्या, "मास्तर, तुमच्या ताईंच्या जबड्याचा ठसा घ्यायचा म्हणजे आधी त्या गप्प बसायला हव्यात." तसा ठसा एकदाच घेतला, आणि मेण तोंडात असतानाही ताई बोलतच होती.

एका सकाळी हा झरा आटला. ताईचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. इस्पितळातून मास्तरांनी तिला आपल्याच घरी आणलं, पुढच्या खोलीत खाट टाकली. ताई छताकडे बघत पडून राहायची. घरात कुणीतरी रेडिओ बंद करावा आणि मग सगळ्यांना आपल्या चमच्याचा आवाजही ऐकू यावा, तसं झालं.

चौकाजवळ माशांच्या टाक्या विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सगळे टाकीवालेच म्हणत. मास्तरांनी केलेल्या कवळीने त्यांना पुन्हा खारे शेंगदाणे खाता यायला लागले होते, त्यामुळे ते मास्तरांना देवाच्या खालोखाल मानायचे. ताईची हकीकत कळल्यावर ते एक दिवस हातगाडीवर काचेची टाकी घेऊन दारात उभे राहिले. "मास्तर, आजारी माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं. छत काही हलत नाही."

खाऱ्या पाण्याची टाकी होती. खाली रेती, वर समुद्रातला दगड आणि दगडावर जिवंत प्रवाळ. सदऱ्याच्या बटणाएवढी गोल गोल तोंडं, कडेला हिरवी, मध्ये नारिंगी. घरात सगळे त्यांना बटणंच म्हणायला लागले. सकाळी टाकीवरचा दिवा लावला की मिटलेली बटणं हळूहळू फुलायची. अशाच एका सकाळी बायकोने दिवा लावला, वळली, आणि तिच्या पाठीमागून खाटेवरून आवाज आला.

"उघडलं."

बायकोच्या हातातून पेला पडला. मास्तर तोंडावर साबण तसाच ठेवून धावत आले. ताई बटणांकडे बघत होती. पुन्हा म्हणाली, "उघडलं."

आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं त्यांचं काम. बायकोने त्यांचं नाव 'बोलवणाऱ्या बाई' ठेवलं होतं. त्या हे ऐकून हरखल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "हा शब्द जपा. लेंग्याची नाडी नेफ्यात गेल्यासारखं झालंय यांचं. एवढंच टोक बाहेर आहे. ते धरून बाकीची नाडी ओढता येईल. पण हे टोकही आत गेलं, तर माझ्याने पुन्हा सापडेल असं मी सांगत नाही. आणि एक लक्षात ठेवा. या शब्दाने त्या काहीही मागोत, चुकलं म्हणू नका. पाणी हवं असताना 'उघडलं' म्हणाल्या, तर निमूट पाणी द्या."

झालं! त्या दिवसापासून सगळं घर त्या एका शब्दावर चालायला लागलं. पाणी हवं, उघडलं. पंखा नको, उघडलं. बायकोचा भाऊ आला तरी उघडलं. तो बिचारा दर वेळी सदऱ्याची बटणं चाचपून बघायचा. बायको म्हणायची, "वन्सं एका शब्दात संसार हाकतात, आणि तुम्हाला शंभर शब्दांत साधी भाजी आणायला जमत नाही." मास्तर हसायचे. कितीतरी दिवसांनी हसत होते.

आणि मग बटणं मिटायला लागली.

आधी कडेची दोन-चार. दिवा लावला तरी आवळलेल्या मुठीसारखी बंद. मग त्यांची कड झिजली, मग मध्येच खळगे दिसायला लागले. जितकी बटणं मिटत, तितका ताईचा सकाळचा आवाज बारीक होई. मास्तरांनी भिंग लावून टाकी पाहिली, तेव्हा समजलं की टाकीत बिनतिकिटाचे पाहुणे आलेत. दगडाच्या भेगांतून लटकून आलेले असणार. नखाएवढ्या चांदण्या होत्या, तारामाशाच्या जातीच्या. पण दोन तऱ्हांच्या. एकीचे हात बारीक, लांब, सापासारखे वळवळणारे. ती भेगेत अंग लपवायची आणि हात बाहेर काढून चाचपत बसायची. दुसरी चपटी, फिकट, आखूड हातांची. ती काचेवर, दगडावर निवांत चिकटलेली.

मास्तरांनी टाकीवाल्यांना फोन लावला. त्यांची पाठ धरली होती, अंथरुणावरून उठता येत नव्हतं.

"मास्तर, घाई करू नका," ते कण्हत म्हणाले. "जात ओळखल्याशिवाय हात लावायचा नाही. टाकीत हलणारं सगळंच चोर नसतं. फोटो पाठवा, मी सांगतो."

"फोटो कशाला? खाल्लेलं समोर आहे. कुणी खाल्लं ते मी चाव्यावरून काढतो."

"अहो, पण ते दातांचं…"

"खाणं म्हणजे दातच की हो!" मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी त्यांनी खोलीचे पडदे ओढले, टाकीवर जाड पांघरूण घातलं आणि आपण बॅटरी घेऊन आत डोकं खुपसलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "टाकीला थंडी वाजते का? की तुम्ही दोघं वाफारा घेताय?"

"गप्प बस ग. अंधार झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत त्या."

अंधारात बारीक हातांच्या चांदण्या खरंच बाहेर आल्या. रेतीवरून, दगडावरून, बटणांच्या मुळाशी, सगळीकडे हात फिरवत काहीबाही टिपत होत्या. मास्तरांनी मेण उचलायच्या चिमट्याने एक पकडली, बशीत खारं पाणी घेऊन उलटी ठेवली आणि कवळ्या तपासायचं भिंग लावलं.

"अग, इकडे ये! लवकर ये!"

"काय झालं?"

"पाच जबडे! एका तोंडात पाच जबडे, आणि प्रत्येकाला दात!"

आयुष्यभर दोन जबडे एकमेकांवर बसवताना ज्याचा जीव मेटाकुटीला आला, त्या माणसाला पाच जबडे पाहून काय वाटलं असेल! ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी चपटी चांदणी उलटी केली. हिच्या पोटाशी मध्ये एक छिद्र, आणि त्यात काही म्हणजे काही नाही. ना दात, ना दाताची खूण. बोळकं! शिवाय हातही सारखे नव्हते. एका बाजूचे तीन नीट वाढलेले, दुसऱ्या बाजूचे नुसते खुंट. मास्तरांची नजर बशीवरून उठली आणि नकळत खाटेकडे गेली. ताईची कवळी वाटीत काढून ठेवलेली होती. डावा हात पोटावर होता, उजवा होता तसाच पडलेला.

"ही बिचारी कुणाचं काय खाणार," मास्तर म्हणाले. "हिचं तर एक अंगच गेलंय." आणि त्यांनी ती चमच्यात घेऊन, पाण्याला धक्का न लावता, दगडावर होती तिथे नेऊन ठेवली.

मग बारीक हातांच्या चांदण्यांची शिकार सुरू झाली. मास्तर कामावरून आले की चहाच्या आधी चिमटा हातात. एकेक शोधून गोड्या पाण्याच्या बादलीत. भेगेतली निघेना, तर दात कोरायच्या हत्याराने काढायची. बायको म्हणायची, "दवाखान्यात लोकांचे दात वाचवता आणि घरी येऊन दातवाल्यांना मारता." पण तीही बॅटरी धरून उभी राहायची, कारण तिलाही तो शब्द हवा होता.

बारीक हात संपले. पण बटणं मिटायची थांबली नाहीत. उलट रेतीवर काळपट साय धरली, पाण्याला वास यायला लागला, आणि चपट्या चांदण्या तर कुठून येत होत्या कोण जाणे, काचेवर जिकडे बघावं तिकडे चिकटलेल्या. मास्तर रात्री झोपेनासे झाले. दवाखान्यात त्यांनी एकाची वरची कवळी दुसऱ्याच्या खालच्या कवळीवर बसवली. असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसतं "घरी जा" म्हणाल्या.

एका सकाळी ते बूट घालत होते. खाटेच्या लोखंडी कठड्यावर धाडधाड आवाज व्हायला लागला. ताई डाव्या हाताने कठडा बडवत होती.

"उघडलं!"

मास्तर एका पायात बूट घालून धावले. ताईने टाकीकडे बोट केलं. "उघडलं! उघडलं!"

मास्तरांनी पाहिलं. उरलीसुरली बटणं सगळी मिटलेली. एकावर ती लुळी चपटी चांदणी बसलेली. एकही बटण उघडलेलं नव्हतं.

"नाही ग ताई," ते म्हणाले. "उघडलं नाही."

"उघडलं!" ताईने कठड्यावर हात आपटला.

आणि मास्तरांचा तोल गेला. कितीतरी रात्रींचं जागरण होतं, पाण्याचा वास होता, आणि डोळ्यांसमोर सगळं मिटत चाललेलं असताना हा एक शब्द त्यांना सहन होईना. ते खाटेवर वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "उघडलं नाही, बंद आहे! दिसत नाही का तुला? बंद! म्हण, बंद!"

"अहो!" बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "काय करताय? बाईंनी काय सांगितलं होतं?"

ताईचा हात कठड्यावर होता. तो हळूच खाली आला. तिने मास्तरांकडे पाहिलं, एखादं अनोळखी माणूस भलत्याच भाषेत बोलल्यावर आपण बघतो तसं. मग तोंड मिटून घेतलं.

दुपारी बायकोने पाणी दाखवलं, "वन्सं, हे हवं का?" ताईने मान हलवली. शब्द नाही. रात्री पंखा लावून पाहिला, बंद करून पाहिला. शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पाठ जरा सैल झाल्यावर टाकीवाले काठी टेकत आले. आल्या आल्या टाकीवर वाकले आणि हसले, "मास्तर, रेती चाटूनपुसून साफ ठेवणाऱ्या कुठे गेल्या? बारीक हातांच्या?"

मास्तरांनी बादलीची हकीकत सांगितली. टाकीवाल्यांचं हसू मावळलं.

"अहो, ते तुमचे झाडूवाले होते. सडलेलं, सांडलेलं खाऊन जगतात. त्यांना काढलंत, म्हणून पाणी नासलं."

"पण दात होते त्यांना. पाच जबडे. मी डोळ्यांनी पाहिले."

"असतील की. दात आहेत म्हणून तुमचं बटण खाल्लं असं थोडंच आहे?" टाकीवाल्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि बटणावर बसलेली चपटी चांदणी अलगद उचलून ओल्या तळहातावर उलटी धरली. "भिंग लावा."

मास्तरांनी भिंग लावलं. त्या दुपारी जिथे नुसतं बोळकं होतं, तिथे पातळ, ओलसर, पांढुरकं काहीतरी बाहेर आलेलं होतं. ते हळूहळू आत जात होतं.

"हे तिचं पोट," टाकीवाले म्हणाले. "ती घास तोंडात घेतच नाही. पोटच बाहेर काढून घासावर पसरते आणि तिथल्या तिथे जिरवते. तिला दात हवेत कशाला? या जातीतल्या पुष्कळशा नुसतं शेवाळ चाटतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्या वाट्याला मात्र ही आली."

"ती लुळी आहे," मास्तर कसेबसे म्हणाले.

"लुळी कसली! एकीच्या दोन होतात त्यांच्या. मधून फाटते, आणि राहिलेले हात नव्याने फुटतात. आखूड दिसले ते हात गेलेले नव्हेत मास्तर, येणारे आहेत."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "ही… बटणावर बसून असते, ती दिसते का? म्हणजे दिवसा?"

"दिवसाढवळ्या. तुम्ही आम्ही येता-जाता बघतो. पण जो दिवसभर टाकीसमोर…" टाकीवाले बोलता बोलता थांबले.

दोघांनीही खाटेकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

बायको दारात उभी होती. तिनेच हलक्या आवाजात म्हटलं, "उघडकीला आलं, असं म्हणत होत्या का हो त्या?"

उघडकीला आलं, उघडं पडलं, डोळे उघडा. त्या एका शब्दात ताईला यातलं कुठलं भरायचं होतं, ते आता कोण सांगणार? तिच्याजवळ सगळ्या जगाला पुरवायला एवढंच होतं. आणि जिने बोलायला शिकवलं, तिला मास्तरांनी बोललेलं चुकलं म्हणून सांगितलं होतं.

टाकीवाल्यांनी मनापासून केलं. चांदण्याच खाणारी ठिपकेदार कोळंबीची जोडी आणून सोडली. त्या जोडीने चपट्या चांदण्यांचा फडशा पाडला आणि मग टाकीवाले ती परत घेऊन गेले. नवीन रेती घातली. जुनी बटणं विरघळून गेली होती, तिथे नवा दगड ठेवला, पहिल्यापेक्षा दुप्पट बटणांचा. दिवा लावला. सगळी फुलली. मास्तर खाटेच्या उशाशी गुडघे टेकून बसले होते, ताईच्या ओठांकडे बघत. लोकांच्या ओठांकडे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे ओठ हलले नाहीत.

बोलवणाऱ्या बाई येत राहिल्या. चित्रं दाखवली, घंटा वाजवली, पेटी उघडून दाखवली, दार उघडून दाखवलं. शेवटी एकदा दाराशी चप्पल घालता घालता मास्तरांना म्हणाल्या, "आता थोडं थांबू या." थांबू या म्हणजे काय, ते मास्तरांना कळलं. त्यांनी मान डोलावली आणि बाईंची छत्री बाईंच्या हातात दिली.

ताई टाकीकडे बघेनाशी झाली होती. तोंड भिंतीकडे करून पडायची. बायको म्हणाली, "खाट खिडकीशी नेऊ या का? रस्ता तरी दिसेल." दोघांनी खाट दोन्ही टोकांनी धरली. मास्तर उशाकडून ढकलत होते. फरशीवर पाय घासले, कर्र आवाज झाला, आणि मास्तर मध्येच थांबले. खाटेचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "शिवी दे ग मला. एक दे. गाढवा म्हण. काहीही म्हण."

ताईने मान वळवली. डावा हात वर केला, चाचपडत मास्तरांच्या मनगटापर्यंत आणला, आणि त्यांच्या हातावर हळूहळू थोपटायला लागली, लहान मूल झोपत नसलं की थोपटतात तसं. मास्तर "बोल ना" म्हणत राहिले. ती थोपटत राहिली. बायको पायथ्याशी खाट उचलून धरून उभी होती. तिचे हात भरून आले, तरी तिने ती खाली ठेवली नाही.